शेवटी रेकॉर्ड वाजते

लाइव्ह शोच्या तिकिटासाठी आपण रात्र जागवतो आणि नवीन गाणं शोधायचं काम मात्र मोबाइलवर सोडून देतो. पण एखादी मैफल आपल्याला थेट आपल्याच घरातल्या कपाटापाशी नेऊन उभी करते, तेव्हा?

'लाइव्ह'चं वेड मला अकरावीत लागलं. कॉलेजच्या गॅदरिंगला बाहेरून बँड आला होता. मी बरोब्बर स्पीकरसमोर उभी होते आणि बास गिटार मला कानांत नाही, बरगड्यांत ऐकू येत होती. त्या दिवसापासून मेसला दांडी मारून, वडापाववर दिवस काढून मी तिकिटांचे पैसे साठवत आलेय. कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येणार होतं, तेव्हा मी आणि माझी रूममेट दोन लॅपटॉप आणि तीन फोन उघडून ऑनलाइन रांगेत बसलो होतो. आमचा नंबर सहा आकडी होता. तिकीट मिळालं नाही हे सांगायला नकोच.

छोट्या गिग्जचं मात्र तसं नसतं. तिथं तिकीट मिळतं, पुढं उभं राहता येतं आणि एक बोनसही मिळतो. आपण ज्या बँडसाठी जातो त्याच्या आधी कुणीतरी अनोळखी वाजवून जातं. अर्धं पब्लिक तेव्हा सरबत घ्यायला गेलेलं असतं. माझ्या प्लेलिस्टमधली निम्मी गाणी अशा 'आधीच्या' बँडची आहेत. घरी येताना बसमध्ये त्यांचं नाव सर्च करायचं, सगळं ऐकून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पकवायचं. मला वाटायचं, नवीन म्युझिक शोधण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

डिसेंबरात हा गैरसमज दूर झाला.

दहा बाइट, चार फोटो

पेजसाठी मला असाइनमेंट मिळाली ती इंटर्नला मिळते तसलीच. 'सवाईत तरुणाई काय करते?' दहा जणांचे बाइट, चार फोटो, साडेतीनशे शब्द. सवाई म्हणजे अर्थातच 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव', मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान. पुण्यात तीन वर्षं काढूनही मी तिथं कधी फिरकले नव्हते. शास्त्रीय संगीत हे आपल्यासाठी नाही, हे मी न ऐकताच ठरवून टाकलं होतं.

बाइट पहिल्या दोन तासांत मिळाले. तरुणाई पिठलं-भाकरीच्या स्टॉलवर होती, फोटो प्रदर्शनात होती, आणि आश्चर्य म्हणजे भारतीय बैठकीतही होती. शाल गुंडाळून, सतरंजीवर मांडी घालून, डोळे मिटून. काम संपलं होतं. पण पास पाचही दिवसांचा होता आणि फुकट मिळालेली गोष्ट वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही. म्हणून रोज जात राहिले.

पहिल्या दिवशी मला काहीही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी समजलं की गायक सुरुवातीला 'वेळ काढत' नाहीयेत, तीच तर इमारत उभी राहतेय. तिसऱ्या दिवशी एका तानेला शेजारच्या काकांबरोबर माझ्याही तोंडून 'वाह' गेलं आणि मीच दचकले. बरगड्यांत बास ऐकू आली होती ना, तसंच काहीतरी झालं. फक्त यावेळी कुणी आवाज वाढवला नव्हता.

शेवटच्या दिवशी शेवटचं गायन संपलं. टाळ्या झाल्या. मी सॅक पाठीला लावली, कारण बस पकडायची होती.

"कुठं निघालीस? थांब, अजून एक आहे," काका म्हणाले.

"अजून कोण गाणार?"

"सवाई गंधर्व."

मला वाटलं, काका चेष्टा करतायत. सवाई गंधर्व १९५२ मध्येच गेले, हे मी माझ्या साडेतीनशे शब्दांत लिहिलेलं होतं. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला, हेही लिहिलं होतं. आणि मग स्पीकरमधून एक आवाज आला. खरखरीतून वाट काढत येणारा, जुना, बारीक. सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी. त्यांची रेकॉर्ड वाजवून महोत्सवाची सांगता करायची, अशी इथली प्रथा आहे.

मी सवयीनं फोन वर केला. मग कळेना की शूट काय करायचं. मंचावर गाणारं कुणी नव्हतं. हजारो माणसं समोर गायक नसताना हलायची थांबली होती. काकांचे डोळे भरून आले होते. इतके दिवस 'लाइव्ह'ची तहान लागलेली मी, आणि अख्ख्या महोत्सवात मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती तीन-एक मिनिटांची रेकॉर्ड.

तीन मिनिटांत काय मावतं?

त्या रात्री झोप आली नाही. नेहमीसारखं सर्च सुरू केलं, पण यावेळी एका धाग्याचं टोक हाती लागलं.

भारतात रेकॉर्डिंग सुरू झालं १९०२ मध्ये. कोलकात्यात गौहर जान गायल्या आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं हे कळायला हवं ना! मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा. सुरुवातीला मायक्रोफोनही नव्हता. १९२५ च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत गायकाला एका भोंग्यात तोंड घालून गावं लागायचं. रीटेक म्हणजे नवी तबकडी. आपण तीस सेकंदांच्या रीलचं कौतुक करतो. त्या लोकांनी तीन मिनिटांत अख्खा राग उभा करून दाखवला होता.

आणि या तबकड्यांनी माणसं घराबाहेर काढली. गदगचा एक मुलगा उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची रेकॉर्ड ऐकतो. झिंझोटीतली ठुमरी. आपल्याला असंच गाता यायला हवं, या वेडानं १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडतो. तिकिटाशिवाय रेल्वेनं ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर असा गुरूच्या शोधात फिरतो. शेवटी त्याला गुरू भेटतात ते घराजवळच, कुंदगोळला. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. ते खुद्द अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

म्हणजे एका रेकॉर्डनं भीमसेन घराबाहेर पडले, त्यातून पुढं महोत्सव उभा राहिला, आणि तो महोत्सव दरवर्षी एका रेकॉर्डवर संपतो. मैफल आणि रेकॉर्ड यांतलं भारी कोण, या वादात मी किती तास घालवलेत! इथं तर दोघी एकमेकींना हात धरून पुढं नेत होत्या.

पण खरा झटका पुढं होता. अब्दुल करीम खाँ यांचं वास्तव्य अनेक वर्षं कुठं होतं? मिरजेत. १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना कुठं दफन केलं? मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते.

मी मिरजेची आहे. तो दर्गा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. उरुसात मी लहानपणापासून जातेय, पाळण्यात बसायला. ज्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते तंबोरे बनवणाऱ्या गल्लीतून मी क्लासला जायचे. दाराबाहेर वाळत ठेवलेले भोपळे बघून नाक मुरडायचे, कारण सायकल काढायला जागा नसायची.

आणि मग आठवलं आबांचं खोकं.

भंगारात गेलेलं खोकं

आबा २०२२ मध्ये गेले. त्यांचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात एक पत्र्याचं खोकं निघालं होतं. आत काळ्या, जड तबकड्या. सकाळी सात वाजता मी आज्जीला फोन लावला.

"आज्जी, आबांच्या त्या रेकॉर्डी कुणाच्या होत्या गं? करीम खाँसाहेबांची होती का एखादी?"

"आता आठवण झाली व्हय तुला?" आज्जी म्हणाली. "एक न्हाई, चांगल्या तीन-चार होत्या. सवाई गंधर्वांचीबी होती. तूच म्हणलीस की, मोबाइलवर सगळं असतंय, द्या भंगाराला."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. भंगारवाल्यानं त्याचे वेगळे पैसेही दिले नव्हते. पितळेच्या दोन घागरींबरोबर तसंच उचलून नेलं होतं.

एक गोष्ट खरी, त्यातलं बरंचसं आज मोबाइलवर आहेही. करीम खाँसाहेबांची ती ठुमरी मी त्याच सकाळी हेडफोनवर ऐकली. पण आबांनी कुठली तबकडी सगळ्यात जास्त झिजवली होती, कुठल्या कागदी पाकिटावर त्यांच्या अक्षरात तारीख लिहिली होती, हे कुठल्याही ॲपवर नाही. माझ्या आवडीनिवडी ॲपला पाठ आहेत. माझ्या आबांच्या आवडीनिवडी मला माहीत नव्हत्या.

रविवारची वारी

तेव्हापासून मी पुण्याच्या जुन्या बाजारात जाते. बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने-हातोड्या, बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलपं, आणि मध्येच कुठंतरी तबकड्यांची चळत. बहुतेक हिंदी सिनेमाच्या. पाकीट एकाचं, आत रेकॉर्ड दुसऱ्याची. पहिल्या रविवारी मी इतकी बावळटासारखी वागले की विक्रेते चाचा म्हणाले, "बेटा, पहले पकडना सीखो." दोन्ही तळहातांनी कडेला धरायची, खोबणीवर बोट लावायचं नाही. ७८ ची तबकडी लाखेची असते, हातातून पडली की पापडासारखी मोडते. हेही कळलं की बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ च्या लाखेच्या तबकड्यांवर निघाली होती आणि जगभरचे संग्राहक ती शोधत असतात. मला अजून दिसलेली नाहीत. दिसली तर तुम्हाला सांगणार नाही.

अब्दुल करीम खाँ मिळाले नाहीत. सवाई गंधर्वही नाहीत. पाचव्या रविवारी मिळाल्या हिराबाई बडोदेकर. खाँसाहेबांच्या कन्या, जन्म मिरजेचा, १९०५ चा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्री गायिकांपैकी एक. म्हणजे आपण आज ज्या 'तिकिटाच्या शो'साठी मरतो, त्या वाटेवरून बाईमाणसानं जायला आधी कुणीतरी धाडस करावं लागलं होतं. दोनशे रुपये दिले. एका गिगचं तिकीट गेलं म्हणायचं.

आता वाजवायची कशावर? आबांच्या रेकॉर्डी गेल्या तरी ग्रामोफोन राहिला होता, शोकेसमध्ये शोभेला. दोन स्वेटरांत गुंडाळलेली तबकडी मांडीवर घेऊन मी मिरजेला गेले. रात्रभर डोळा लागला नाही, कारण बसमध्ये शेजारच्या माणसाची मान माझ्या खांद्यावर पडत होती आणि मला काळजी हिराबाईंची.

मी ग्रामोफोनची चावी फिरवली आणि सुई ठेवणार, तेवढ्यात आज्जीनं हातावर चापट मारली.

"पिन बदल आधी. प्रत्येक बाजूला नवी पिन. न्हाईतर खरवडतीस तिला."

शिवणाच्या डब्यातून तिनं एक इवलीशी पत्र्याची डबी काढली. आत पिना. नवरा गेला, रेकॉर्डी गेल्या, पण ती डबी तिनं बटणांखाली जपून ठेवली होती. तिच्या बोटांनी पिन बसवली, न बघता. तेव्हा मला कळलं की त्या खोक्याला मी सारखं 'आबांचं' म्हणत होते. ऐकणारी दोघं होती.

तीन मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही. रेकॉर्ड संपली, सुई आत जाऊन खर्र खर्र करत राहिली.

"दुसरी बाजू लाव," आज्जी म्हणाली.

तिला आता गुडघ्यांमुळं फार चालवत नाही. पण या उरुसातल्या संगीत सभेला आम्ही दोघी जाणार आहोत. रिक्षा ठरवलीय, घडीची खुर्ची घेतलीय. माझ्या आयुष्यातला हा पहिला लाइव्ह शो असेल ज्याची बातमी मला माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेल्या माणसाकडून मिळेल.

तोवर रविवारची वारी चालूच आहे. यायचं असेल तर सकाळी लवकर या. दुपारपर्यंत चांगलं सगळं गेलेलं असतं. आणि त्याआधी एकदा घरातलं कपाट उघडून बघा. कुणाला काय म्हणताय, तेही जरा जपून.

रेकॉर्ड घ्यायला निघालाय?

• आधी वेग बघा. ७८ ची तबकडी लाखेची, जड आणि ठिसूळ असते. १९४८ मध्ये आलेली ३३ १/३ वेगाची एलपी विनाइलची असते, हलकी आणि थोडी लवचीक. एलपीच्या एका बाजूला वीस-एक मिनिटं मावतात.

• ७८ ची खोबण रुंद असते. तिला वेगळी सुई लागते. एलपीच्या सुईवर ती नीट वाजत नाही. आणि जुन्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावू नका, जड पिन ती खरवडून टाकते.

• विकत घेण्यापूर्वी तबकडी उजेडात तिरपी धरून बघा. बारीक ओरखडे चालतात, पण नखाला लागणारा चरा किंवा कडेला तडा असेल तर सोडून द्या.

• लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख विरघळते. मऊ, कोरड्या कपड्यानं खोबणीच्या दिशेनं पुसा.

• तबकड्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आणि उन्हापासून लांब.