कमानीची बंदूक आणि नेमाचें साधन



जत्रेंतील फुगे फोडण्याची बंदूक आपणांपैकीं बहुतेकांनीं एकदां तरी खांद्याला लावली असेल. बहिरमची यात्रा असो कीं एखाद्या गांवचा उरूस असो, नळी मोडून छर्रा घालावयाचा, चाप ओढावयाचा, आणि फुगा फुटला नाहीं तर बंदूकवाल्यास दोष द्यावयाचा, ही रीत ठरलेलीच आहे. परंतु त्या बंदुकीची एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. दिवसभर शेंकडों छर्रे सुटले तरी तिच्या नळीवरील लोखंडी माशी जागची हलत नाहीं. उलट हौसेनें घेतलेल्या जोरदार बंदुकीवर हौसेनेंच बसविलेली दुर्बीण कित्येकदां थोड्याच दिवसांत निकामी होते, आणि धनी मात्र आपलाच हात बिघडला असें समजून कष्टी होतो. असें कां घडतें, आणि तें टाळावयाचें तर नेमाचें साधन कसें निवडावें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम ‘जोरदार’ या शब्दाचा अर्थ ठरवूं. २०१६ च्या शस्त्र-नियमांनीं आपल्या देशांत परवान्यावांचून बाळगावयाच्या हवाई बंदुकीस दोन मर्यादा घातल्या आहेत: नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर आणि छर्ऱ्याची शक्ति २० ज्यूल. अर्ध्या ग्रॅमाचा छर्रा २० ज्यूलनें सुटला म्हणजे त्याचा वेग सेकंदास सुमारें २८० मीटर भरतो. जर्मनींत परवान्यावांचून मिळणाऱ्या बंदुकीची सीमा ७.५ ज्यूल आहे, इंग्लंडांत सुमारें १६. तेव्हां अमुक दुर्बीण जर्मनींत वर्षानुवर्षे टिकली एवढ्यावरून ती अमरावतीच्या बंदुकीवरही टिकेल, असा निष्कर्ष काढणें धाडसाचें होईल.

आतां बंदुकीच्या पोटांत काय घडतें तें पाहूं. नळीच्या मागें एक रुंद नळकांडें असतें. त्यांत पोलादी दट्ट्या आणि त्याच्या पाठीशीं दाबलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, असते. चाप ओढतांच कमान दट्ट्याला पुढें फेंकते, दट्ट्यापुढची हवा दाबली जाते, आणि ती छर्ऱ्यास बाहेर ढकलते. दट्ट्या छर्ऱ्याहून शेंकडों पट जड असतो. तो पुढें धांवला म्हणजे सगळी बंदूक मागें सरकते. हा पहिला धक्का. परंतु नळकांड्याच्या टोंकाशीं दाबलेल्या हवेची जणूं गादी तयार होते, आणि तिजवर दट्ट्या एकाएकीं थबकतो. तत्क्षणींच मागें चाललेली बंदूक पुढें हिसकली जाते. हा दुसरा धक्का, आणि पहिल्याहून तो कितीतरी तीव्र. कारण दट्ट्याला वेग येण्यास आठदहा सेंटिमीटरांचा प्रवास मिळतो, थांबण्यास मात्र थोडेसेच मिलिमीटर.

शंकरपट पाहिलेल्या मंडळींस हें समजणें कठीण नाहीं. बैल सुटतांच छकड्यावरील गाडीवान मागें ओढला जातो, पण तो सावरतो. त्याची बैठकच त्या ओढीसाठीं असते. तोच छकडा उलट्या दिशेनें हिसकला तर बैठक काय कामाची? दारूच्या बंदुकीस एकच धक्का, मागच्या दिशेचा. तो कितीही मोठा असला तरी एकाच बाजूचा असल्यामुळें तिच्यासाठीं केलेल्या दुर्बिणींतील कांचा व कमानी त्याच बाजूनें टेकविलेल्या असूं शकतात. दुसऱ्या बाजूचा धक्का त्यांच्या गांवींही नसतो. म्हणून मोठ्या शिकारी रायफलीवर वर्षे काढलेली दुर्बीण छर्ऱ्याच्या ‘खेळण्यावर’ मोडते, आणि लोक चकित होतात.

यावरून दुर्बीण घेतांना पहिला प्रश्न कोणता विचारावा तें उघड होतें. ती किती मोठें दाखविते हा नव्हे. ती दोन्ही दिशांच्या धक्क्यांसाठीं, म्हणजे कमानीच्या हवाई बंदुकीसाठीं, केली आहे काय, हा. कर्त्यानें तसें लेखी सांगितलें नसेल तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर विसंबूं नये. दुसरी गोष्ट, आंतील नेमाची फुली. ती ताणलेल्या बारीक तारेची असते किंवा कांचेवर कोरलेली असते. तार तुटते अथवा फिरते; कोरलेली फुली तुटावयाची तर कांचच फुटली पाहिजे. तिसरी गोष्ट वजन. पुढची कांच ५० मिलिमीटरांची असली म्हणजे दुर्बीण ऐटदार दिसते खरी, पण जड वस्तूस हिसका अधिक बसतो. दिवसाउजेडीं पंचवीसतीस मीटरांवर नेम धरणाऱ्यास ३२ किंवा ४० मिलिमीटरांची कांच भरपूर झाली. वजन अर्ध्या किलोच्या आंत असावें. शिवाय दारूच्या बंदुकीची दुर्बीण बहुधा १०० यार्डांसाठीं जुळविलेली असते. १० मीटरांवर तींतून चित्र अंधुक दिसतें, आणि डोळा किंचित् हलला कीं फुलीही लक्ष्यावरून हललेली भासते. दहा मीटरांपर्यंत जुळवितां येणारी दुर्बीण घ्यावी, हें बरें.

पण माझ्या मतें दुर्बिणीइतकेंच, किंबहुना अधिक, लक्ष ज्या कड्यांनीं ती बंदुकीवर बसवितात त्यांजकडे द्यावें. ग्राहक दुर्बिणीवर मोठी रक्कम खर्च करतो आणि कड्यांसाठीं चार पैशांची घासाघीस करतो. बंदुकीच्या पाठीवर ११ मिलिमीटरांची खांचेची पट्टी असते; तिच्यावर कड्या स्क्रूंनीं आवळलेल्या असतात. दुसऱ्या धक्क्यांत बंदूक पुढें जाते व दुर्बीण जडत्वानें जागींच राहूं पाहते. म्हणजे पट्टीवरून ती हळूहळू मागें सरकते. हें थांबविण्यास स्क्रू पुरेसे नाहींत. कडीच्या पोटांतून उतरणारी एक पोलादी खीळ असते. ती पट्टीवरील छिद्रांत बसली कीं मागें सरकणेंच खुंटतें. अशी खीळ असलेल्या किंवा दोन्ही बाजूंस लांब धरणाऱ्या एकसंध कड्या घ्याव्या. पट्टीस छिद्र नसेल तर कडीच्या मागें स्वतंत्र अडसर बसवावा. दुर्बीण डोळ्यापासून सातआठ सेंटिमीटर तरी दूर असूं द्यावी.

आणखी एक बारकी गोष्ट आहे, आणि ती बहुधा कोणी सांगत नाहीं. मोडत्या नळीच्या बंदुकींत नळी पुष्कळदां किंचित् खालीं कललेली असते. मग छर्रा खालीं पडतो, आणि धनी दुर्बिणीची वरची कळ फिरवून फिरवून शेवटास नेतो. त्या कळीखालीं आंतली नळी एका लहानशा कमानीच्या जोरावर उचलून धरलेली असते. कळ शेवटास गेली कीं त्या कमानीचा ताण संपतो, आंतली नळी डुगडुगते, आणि दर छर्रा निराळ्या जागीं लागतो. दुर्बीण मोडली असें वाटतें, पण ती केवळ सैल पडलेली असते. उपाय सोपा आहे: मागील बाजूनें किंचित् उंच अशा कड्या बसवाव्या, म्हणजे कळा मध्याजवळच राहतात.

बंदुकीचा धक्काच नाहींसा करण्याचे यत्नही झाले. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीच्या ३०० या नमुन्यांत नळीसह सगळें यंत्र दस्त्यावरील रुळांवरून मागें सरकतें. डायानाच्या कांहीं स्पर्धा-बंदुकींत दोन दट्टे परस्परविरुद्ध दिशांस धांवून एकमेकांचा धक्का खातात. दुसरी युक्ति दुर्बिणीसही सुखाची. पहिलींत मात्र एक गंमत आहे: खांद्याला धक्का लागत नाहीं, पण दस्त्याच्या वजनाचा आधार सुटल्यामुळें रुळांवरच्या हलक्या यंत्राला, आणि म्हणून दुर्बिणीला, हिसका अधिकच बसतो.

इतकें ऐकल्यावर कोणी विचारील, मग दुर्बीण हवीच कशाला? हा प्रश्न मला रास्त वाटतो. १० मीटरांच्या जागतिक स्पर्धेंत दुर्बिणीस मुळींच परवानगी नाहीं. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक मिळविलें, किंवा २००० सालीं सिडनीस आपल्या अंजली भागवत अंतिम फेरींत पोहोंचल्या, त्या छिद्राच्या नेमानेंच. त्यांच्या बंदुका दाबलेल्या हवेच्या होत्या, कमानीच्या नव्हत्या; पण नेमाचें तत्त्व एकच. मागच्या लहानशा छिद्रांतून पाहतांना डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि त्यांत मोडण्यासारखी कांच नसते. पोलादी छिद्राचा नेम आणि पुढें टोपणाखालची माशी, ही जोडी बंदुकीच्या धन्याहूनही अधिक टिकते. ज्या तरुणास अमरावतीच्या एखाद्या आखाड्याच्या आवारांत कागदी लक्ष्यावर हात बसवावयाचा आहे, त्यानें याच जोडीपासून आरंभ करावा, असें मी निःशंक सांगेन. छिद्राचें हें साधनही त्याच पट्टीवर बसतें. तेव्हां त्यासही अडसर हवाच. हिरव्यातांबड्या चकाकत्या प्लास्टिकच्या काड्यांचे नेम मात्र मोहक असले तरी नाजूक. अकोल्याच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढला असतां मोटारींत ठेवलेल्या बंदुकीवर त्या काड्यांची काय गत होईल हें सांगावयास नको. पोलादास ऊन बाधत नाहीं, पावसाळा बाधतो. हलकें तेल बाहेरून पुसून ठेवावें. तेल नळकांड्यांत मात्र जाऊं देऊं नये. तेथें तें दाबानें पेट घेतें, धूर निघतो, आणि धक्का एकाएकीं वाढतो. छर्रा न घालतां चाप ओढणेंही तितकेंच वाईट. दट्ट्यास हवेची गादीच मिळत नाहीं.

शेतकरी बंधूंना एक सांगितलें पाहिजे. कणसांवरील पोपट किंवा वावरांतलें रोही यांच्यासाठीं ही बंदूक नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यांस संरक्षण आहे. तेथें गोफणीचा आवाजच बरा.

शेवटीं, छर्रे भरकटूं लागले तर दोष कोणाचा हें कसें ओळखावें? दुर्बिणीच्या नळीवर कडीला लागून पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढावी, आणि कडीच्या मागें पट्टीवर दुसरी. वीसपंचवीस छर्ऱ्यांनंतर रेघ सरकलेली दिसली तर दोष कड्यांचा. रेघ जागेवर असेल तर दुर्बीण उतरवून साध्या माशीनें पांच छर्रे मारून पाहावे. ते एकत्र पडले तर दुर्बीण गेली असें समजावें. तेही विखुरले, तर दस्त्याचे व नळीच्या सांध्याचे स्क्रू आवळून पुन्हां पांच मारावे. हाताला बोल लावण्याची वेळ त्यानंतरची.