मनिलाचे वार्तापत्र : शहागंजच्या कापडाला फिलिपिनो गिऱ्हाईक

मनिला : जून 2025 पासून भारतीयांना इथे 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येऊ लागलं. ऑगस्टमध्ये भारताने फिलिपिनो पर्यटकांसाठी मोफत ई-व्हिसा जाहीर केला आणि ऑक्टोबरात दिल्ली–मनिला थेट विमान सुरू झालं. तेव्हापासून आपल्या शहागंज, गुलमंडी या बाजारांतल्या कापडवाल्यांची माझ्याकडे विचारणा वाढली आहे. प्रश्न बहुधा एकच असतो : आपल्या हिमरू शाली, ड्रेस मटेरियल तिकडे ऑनलाइन विकायचं तर जाहिरातीला किती पैसे घालावे लागतील? माझं म्हणणं असं, की जाहिरातीचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. आलेल्या मेसेजला लगेच आणि आपुलकीने उत्तर देणारा एक माणूस आधी दुकानात बसवा. फिलिपिनो गिऱ्हाईक आधी बोलतं, मग घेतं.

हे समजायला दिविसोरियात जावं. बिनोंदो या जुन्या चिनी वस्तीला लागून असलेला हा बाजार शहागंजच्या माणसाला परका वाटणार नाही : ठोक आणि किरकोळ एकाच गल्लीत, फुटपाथवर फळांचे ढीग, वर कपड्यांचे गठ्ठे, आणि घासाघीस केल्याशिवाय सौदा नाही. संध्याकाळी काही गाळ्यांची शटरं अर्धी खाली येतात आणि आत दुसरा धंदा सुरू होतो : फेसबुकवरची थेट विक्री. स्टँडवर मोबाइल, मागे गोल दिवा, पुढ्यात कपड्यांची रास. विक्रेती एक ब्लाउज उचलते, काखेतली शिवण ताणून दाखवते, बटण सैल असेल तर तेही कॅमेऱ्याजवळ नेते, मग किंमत आणि कोड सांगते. बघणाऱ्यांपैकी जी आधी ‘माइन’ आणि तो कोड टाइप करील, तिचा तो कपडा. अधूनमधून ओळखीच्या बाईला ती ताई म्हणून हाक मारते, मुलाचा ताप उतरला का विचारते. पुढचा व्यवहार मेसेंजरवर होतो : पत्ता, जीकॅश ॲपवरून पैसे, पावतीचा स्क्रीनशॉट, आणि दुसऱ्या दिवशी दारात पार्सलवाला. माल मागवून गायब होणारेही असतात. त्यांना इथे ‘बोगस बायर’ म्हणतात आणि त्यांच्या याद्या विक्रेते आपसांत फिरवतात.

फेसबुक इथल्या घराघरांत शिरलं त्यालाही कारण आहे. 2013 च्या सुमारास मोबाइल कंपन्यांनी डेटा पॅक नसला तरी फेसबुक उघडेल अशा योजना आणल्या. अनेकांचं इंटरनेट तिथूनच सुरू झालं. शिवाय लक्षावधी घरांतला एखादा माणूस दुबईत, हाँगकाँगमध्ये किंवा बोटीवर नोकरीला असतो आणि घरच्यांशी त्याचं बोलणं मेसेंजरवर चालतं. दुकानाचा मेसेज त्याच यादीत येऊन पडतो. तो कोरडा, छापील असेल तर लगेच डोळ्यांत खुपतो. शॉपी, लझाडा, टिकटॉक शॉप ही मोठी दुकानं आहेतच, पण तिथेही खरेदीआधी ‘चॅट’चं बटण दाबणारे भरपूर.

भाषा टागालोग आणि इंग्रजीची सरमिसळ असलेली, रोमन लिपीत लिहिलेली. वाक्यात आदराचा ‘पो’ हवाच. सेबूकडे मात्र सेबुआनो चालते, तिथे मनिलाची भाषा परकी वाटते. म्हणून यंत्राकडून भाषांतर करून घेण्यापेक्षा इथल्याच एखाद्या मुलीला अर्धवेळ कामावर घ्यावं. घरबसल्या परदेशी दुकानांची कामं करणारे तरुण इथे गावोगाव आहेत.

किंमत लपवू नका. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही आपल्याकडची सवय इथेही पसरली होती, पण 1992 च्या ग्राहक कायद्यानुसार मालावर किंमत लावणं सक्तीचं आहे आणि व्यापार खात्याने ऑनलाइन विक्रेत्यांनाही तशी ताकीद दिली आहे. डिसेंबर 2023 मध्ये इंटरनेट व्यवहारांचा वेगळा कायदा झाला. इथल्या गिऱ्हाइकाला माल विकणारा परदेशी विक्रेताही त्याच्या कक्षेत येऊ शकतो.

आता एक अवघड गोष्ट. सामान्य फिलिपिनो माणसाच्या डोळ्यांसमोर भारतीय म्हटलं की मोटरसायकलवरून येणारा पंजाबी सावकार उभा राहतो. पाच घ्या, सहा द्या, असा त्याचा हिशेब, म्हणून त्या धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. ‘बुंबाय’, म्हणजे हाच भारतीय, ‘घेऊन जाईल’ असा लहान मुलांना धाकही घालत. पण बँक ज्यांना उभं करत नाही अशा भाजीवाल्या बायकांना हाच माणूस तारणाशिवाय पैसे देतो आणि रोज दारात येतो. व्याज जाचक आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. तरी रोज समोर येणाऱ्या माणसावर हा समाज भरवसा ठेवतो, हे त्यातून दिसतं. महिन्यातून एकदा फोटो टाकून गप्प बसणाऱ्या दुकानावर तो ठेवणार नाही.

हिमरूबद्दल मला मनापासून आशा वाटते. हातमागाची कदर इथे आहे : अकलान प्रांतात अननसाच्या पानांच्या तंतूंपासून विणल्या जाणाऱ्या ‘पिन्या’ कापडाची कला 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. असं कापड ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाला माग दाखवावा, विणणाऱ्याचे हात दाखवावेत, दोन रंगांचे धागे कसे गुंततात ते दाखवावं. यंत्रावरची शाल हातमागाची म्हणून खपवू नका. हवा उष्ण असली तरी मॉल, बस, कचेऱ्या एसीने गारठलेल्या असतात, त्यामुळे हलकी शाल अंगावर घेतली जाते. 2016 च्या सीमाशुल्क कायद्याने 10 हजार पेसोंपर्यंतच्या मालावरचं शुल्क माफ केलं. पेसो साधारण दीड रुपयाचा धरला तर एकेक शाल पाठवणाऱ्याला ही सवलत पुरेशी आहे.

वेळापत्रक मात्र आत्ताच भिंतीवर लावा. पगार 15 आणि 30 तारखेला होतात, खरेदीही त्याच सुमाराला. सप्टेंबर लागला की मॉलमध्ये नाताळची गाणी सुरू होतात. 1975 च्या हुकुमान्वये मिळणारा तेरावा पगार 24 डिसेंबरपर्यंत हाती पडतो आणि त्याच पैशांतून भेटवस्तू घेतल्या जातात. हा देश सात हजारांहून अधिक बेटांचा, मनिलात उतरलेलं पार्सल मिंडानाओला पोचायला आणखी दिवस खातं. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर इकडचं बघू असं म्हणणाऱ्याचा हंगाम हातचा जाईल. नाताळचा माल गणपतीच्या आधी तयार हवा.