तेरा वर्षांचा आरोपी

दूरचित्रवाणीवरील नाटकांत वयात येणारे पोर म्हणजे बहुधा पंचविशीतला नट. दाढी घोटायची, पाठीला दप्तर अडकवायचे आणि बापाला उलट बोलायचे, एवढेच त्याचे काम. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलसन्स’ या ब्रिटिश मालिकेने ही सोय नाकारली. शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला १३ वर्षांचा जेमी ओवेन कूपर या मुलाने उभा केला आहे. अभिनयाचे हे त्याचे पहिलेच काम. त्यासाठी १५ व्या वर्षी त्याला एमी पारितोषिक मिळाले.

चार भाग, आणि प्रत्येक भाग कोठेही न तोडता सलग चित्रित केलेला. नाटकांवर पोसलेल्या आपल्या मंडळींना याचे मोल सांगायला नको! तिसऱ्या भागात तर बहुतेक वेळ एक खोली, एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि हा पोरगा. घटकेत लाडिक बोलतो, घटकेत अंगावर धावून जातो. आणि शेवटी, आपण बाईंना आवडलो की नाही, हे ओरडून विचारीत असतानाच त्याला बाहेर नेतात.

दुसऱ्या भागात तपासासाठी शाळेत आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला मोबाइलवरील चिन्हांचा अर्थ त्याचाच मुलगा उलगडून सांगतो. बाप ज्याला मैत्री समजत होता, ती टवाळी होती.

एक उणीव मात्र खटकते. मेलेल्या केटीचे घर आपल्याला दिसत नाही, तिचे आईबाप भेटत नाहीत. एक मैत्रीण काय ती भेटते. मालिकेतली पोलीस बाई ही खंत बोलून दाखवते खरी, पण तेवढ्याने केटी डोळ्यांपुढे उभी राहत नाही.