राजा राहिला 72 रात्री, आता पर्यटक मुक्काम करतात: शांबोरच्या किल्ल्याचा धंदा

होमस्टेच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "सर, आमच्या गावात पर्यटक येतात, गाड्यांची रांग लागते, मग आमच्या हातात पैसा का राहत नाही?" उत्तर शोधायला आज जरा लांब जाऊ, फ्रान्समध्ये.

लुआर नदीच्या खोऱ्यात शांबोर नावाचा किल्ला आहे. नावाला किल्ला, खरं तर शिकारीसाठी बांधलेला राजवाडा. 1519 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने काम सुरू केलं. चारशेहून जास्त खोल्या, 282 शेकोट्या, आणि मधोमध असा दुहेरी जिना की चढणारा आणि उतरणारा एकमेकांना आडवे येत नाहीत. एवढं बांधून राजा तिथे राहिला किती? सगळ्या कारकिर्दीत मिळून जेमतेम 72 रात्री! असो, त्याला बँकेचा हप्ता नव्हता.

आजच्या पर्यटकाचंही तसंच. पॅरिसहून सकाळी बस निघते, एका दिवसात दोन-तीन राजवाडे उरकते. तिकीट काढा, जिना बघा, फोटो काढा, चला. 2019 मध्ये इथे दहा लाखांहून जास्त लोक आले. पण दोन तासांचा पाहुणा तिकिटाशिवाय देणार काय? एक कॉफी, फार तर फ्रिजवर लावायचं मॅग्नेट. आणि मालकी सरकारची असली तरी शांबोरला आपला बराचसा खर्च स्वतः कमवावा लागतो.

मग त्यांनी काय केलं? किल्ल्याला हात न लावता आजूबाजूला कारणं उभी केली. 2015 मध्ये टॅबलेट आणले: रिकाम्या खोलीत तो धरला की राजाच्या काळची खोली सजलेली दिसते. 2017 मध्ये अठराव्या शतकातल्या नकाशांवरून जुनी बाग पुन्हा उभी केली, तीही एका अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीतून. द्राक्षमळा लावला, पुढे भाजीचा मळाही. भोवती 5,440 हेक्टरचं जंगल तर होतंच. शरद ऋतूत पहाटे आणि संध्याकाळी तिथे हरणांच्या नरांची डरकाळी ऐकायला लोक जातात.

आता नीट बघा. पहाटेची डरकाळी ऐकायची असेल तर आदल्या रात्री जवळच राहावं लागतं! इथेच मुक्काम विकला जातो. 2018 मध्ये किल्ल्यासमोरच्या, पूर्वी शिकारी कुत्रे ठेवायच्या जुन्या इमारतीत 55 खोल्यांचं हॉटेल सुरू झालं. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी आवारातली साधी घरं भाड्याने मिळतात, स्वयंपाकघरासकट. कुटुंब घेऊन या, स्वतः रांधा.

तुमच्या गावाचा हिशोब मांडा. समजा दोन तासांचा पाहुणा पार्किंगचे 50 आणि चहा-भजीचे 100 देतो. तोच मुक्कामाला राहिला तर खोली, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, शिवाय जाताना घरचं लोणचं. गर्दी तेवढीच, गल्ला वेगळा.

पण धोकाही समजून घ्या. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे किल्ला बंद झाला. स्वतःच्या कमाईवर चालणाऱ्याची कमाईच थांबली, पगार आणि देखभाल काही थांबत नाही. जूनमध्ये दारं उघडली तेव्हा परदेशी पर्यटक जवळपास नव्हतेच. आले ते फ्रेंच लोक. त्यातल्या अनेकांनी जिना शाळेच्या सहलीत कधीच पाहिलेला असणार. अशा माणसाला परत बोलवायचं तर बाग, जंगल, सायकल, रात्रीचा मुक्काम हेच कामी येतं. माझ्या मते नव्या गोष्टींची खरी परीक्षा तेव्हा झाली.

आणि एक गोष्ट मुक्कामानेही सुटत नाही: जुनी इमारत. राजाचं दालन ज्या भागात आहे तो भाग खचू लागल्यामुळे बंद करावा लागला. दुरुस्तीचा अंदाज 3 कोटी 70 लाख युरो! खोल्यांच्या भाड्यातून हे कधी निघणार? म्हणून 2025 मध्ये त्यांनी लोकांकडे देणग्या मागायला सुरुवात केली.

तेव्हा आजोबांच्या वाड्यात होमस्टे काढायचा विचार असेल, तर भिंती रंगवायच्या आधी वासे आणि पाया तपासून घ्या. सुताराकडून, गवंड्याकडून खर्चाचा अंदाज लेखी आणा. तो आकडा हातात आला की पुढच्या व्हिडिओत खोलीचं भाडं कसं ठरवायचं ते बघू.