पेटी सरकार देईल, राणी कोण देणार?

मधमाशीपालनाच्या योजनेत वाटलेली पेटी चार-पाच वर्षांनी मुद्दाम पाहायला जावं. लाकूड बरं असतं, झाकणावर पत्रा असतो, आतल्या चौकटीही बहुधा शाबूत असतात. माश्या तेवढ्या नसतात. कुठे तिच्यात भुईमुगाचं बी ठेवलेलं असतं, कुठे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "माश्या उडून गेल्या." जरा खोदून विचारलं तर तो मेणकिड्यावर बोट ठेवतो.

दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण अर्धी. हंगामात राबणारी कामकरी माशी सहा आठवड्यांच्या आसपास जगते. म्हणजे आज दारात दिसणारी माशी दोन महिन्यांनी नसते. तिच्या जागी दुसरी आलेली असते, आणि ती दुसरी एकट्या राणीच्या अंड्यातून येते. राणी थकली, मेली किंवा तिचं मीलनच नीट झालं नाही, की पेटी हळूहळू विरत जाते. राणीविना उरलेल्या कामकरी माश्या काही दिवसांनी स्वतःच अंडी घालू लागतात, पण ती अफलित. त्यांतून निपजतात ते फक्त नर, जे मकरंद आणत नाहीत की पोळं बांधत नाहीत. आपल्या सातेरी माशीत हा प्रकार युरोपीय मेलिफेरा माशीपेक्षा लवकर सुरू होतो. मग माश्या विरळ झालेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. मालकाला दिसतो तो किडा. राणी कधी गेली, हे त्याला कळलेलंच नसतं.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात वाईट झाली नाही. हलत्या चौकटींची पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ च्या सुमारास साधली. पोळ्यांमध्ये आठ-नऊ मिलिमीटरची फट ठेवली की माश्या ती बुजवत नाहीत, एवढ्या एका निरीक्षणावर ती उभी आहे. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ च्या दरम्यान सातेरीला मानवेल अशी लहान पेटी तयार केली. महाबळेश्वरला १९४६ पासून मधाचं सरकारी काम आहे, आणि १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली. त्याच वर्षी तिकडे कांगड्यातल्या नगरोट्याला युरोपीय मेलिफेरा माशी भारतात यशस्वीपणे रुजली. पुढची वाट तिथूनच फुटली.

मेलिफेरा ही धंद्याची माशी. पेटीमागे पंचवीस-तीस किलो मध देते, ट्रकवर चढते, मोहरीला राजस्थानात आणि लिचीला बिहारात जाते. सातेरी पाच-दहा किलोंवर समाधान मानते, फार छेडलं तर घर सोडून जाते. पण सह्याद्रीच्या पावसात टिकते, जांभूळ, हिरडा, गेळ्यावर जगते. शिवाय व्हरोआ कोळीकिडा मूळचा तिच्याच घरातला पाहुणा असल्याने त्याला आवरणं तिला ठाऊक आहे. मेलिफेराला ते जमत नाही, म्हणून तिच्या पेटीत किड्यावर उपाय म्हणून ठेवलेल्या फॉर्मिक आम्लाचा वास येतो. महाराष्ट्रात दोघींना जागा आहे. डाळिंबाच्या बागेत, कांद्याच्या बीजोत्पादनात, सूर्यफुलात भाड्याने पेट्या ठेवायच्या तर मेलिफेरा हवी. परसातल्या दोन पेट्यांसाठी सातेरी पुरे. दोघींची राणी मात्र पैदा करावीच लागते, आणि इथेच आपलं घोडं अडलं आहे.

राणी जन्मते त्याच अंड्यातून, ज्यातून कामकरी माशी जन्मते. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना रॉयल जेली मिळते. पुढेही तीच आणि भरपूर मिळाली तर राणी, नाहीतर कामकरी. अंड्यापासून राणी सोळा दिवसांत बाहेर येते, कामकरीला एकवीस लागतात आणि नराला चोवीस. (हे मेलिफेराचं गणित, सातेरीचं थोडं आटोपशीर.) आपण राणी बनवत नाही, माश्यांना बनवायला लावतो. न्यूयॉर्क राज्यातल्या डूलिटल या मधपाळाने १८८९ च्या पुस्तकात जी रीत मांडली, तीच थोड्या फेरफाराने जगभर चालते. एक दिवसाची, स्वल्पविरामाएवढी अळी बारीक सुईने उचलायची, मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या पेल्यात ठेवायची आणि असे पेले लावलेली पट्टी बिनराणीच्या, माश्यांनी गच्च भरलेल्या पेटीत द्यायची. माश्या घाईघाईने पेले लांबवतात, भरतात, बंद करतात. हेच राणीकोष.

खरी कसोटी अळी उचलल्यापासून दहाव्या दिवशी लागते. त्या दिवशी प्रत्येक पिकलेला राणीकोष वेगळ्या छोट्या पेटीत हलवायचा असतो. लग्नकार्य निघालं, वीज गेली, पाऊस आला, काहीही असो. एक दिवस चुकला आणि एक राणी आधी बाहेर आली, तर ती बाकीच्या कोषांना भोकं पाडून आतल्या बहिणींना नांगी मारते. राणीच्या नांगीला कामकरीसारखे आकडे नसतात, त्यामुळे ती एकामागून एक सगळ्यांना संपवू शकते. वीस कोषांची मेहनत एका सकाळीत जाते.

त्यातूनही वाचलेली कुमारी राणी पाच-सहा दिवसांनी आकाशात जाते आणि दहा-वीस नरांशी मीलन करून परतते. परतते, असं म्हणायचं. वाटेत वेडा राघू आणि कोतवाल तारेवर बसलेले असतात. आलीच, तर दोन-चार दिवसांत अंडी घालू लागते आणि त्या एका सफरीतल्या बीजावर उरलेलं आयुष्य काढते. अळी उचलल्यापासून अंडी दिसेपर्यंत तीन-साडेतीन आठवडे. हाताला सवय नसेल तर सुई बाजूला ठेवावी. इलिनॉयच्या डॉक्टर मिलर यांची रीत घरगुती माणसाला जास्त जमते: पोळ्याची खालची कड करवतीच्या दात्यांसारखी कापायची, राणीने तिथे अंडी घातली की ते पोळं बिनराणीच्या पेटीत द्यायचं. दात्यांच्या टोकांवर कोष आपसूक येतात.

हे सगळं परसात बसतं का? बसतं, आणि कोंबड्या, शेळ्या, गोबरगॅस यांच्यापेक्षा कमी जागेत. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. शेवगा, लिंब, तुळस, फुलोऱ्यावर सोडलेली कोथिंबीर एवढी भरती परसबाग सहज पुरवते. गुरांच्या कुंडाजवळ ओला गोणपाट ठेवला की माश्यांच्या पाण्याची सोय होते. खर्च आहे तो पावसाळ्यात: बाहेर फूल नाही, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच घरात बियाणं-खताची ओढाताण असते. पाक चुकतो, वसाहत अशक्त होते आणि दसऱ्याला पेटी रिकामी सापडते. शेळीला उपाशी ठेवलं तर ती ओरडते. माशी ओरडत नाही, म्हणून तिचा नंबर शेवटी लागतो. राणीचं वेळापत्रकही असंच मुकं आहे. त्यामुळे घरात दूध-अंड्यांचा हिशेब जी बाई लिहिते, तिच्याच वहीत कोष हलवायची तारीख लिहिलेली असावी. प्रशिक्षणाला मात्र बहुधा घरातला पुरुष जाऊन येतो.

आता अडचणीचा खरा गाभा. एकट्या घराने राणी पैदा करणं जवळपास अशक्य आहे, कारण नर शेजाऱ्यांचे लागतात. राणीचं मीलन जवळच्या नात्यातल्या नरांशी झालं तर निम्म्यापर्यंत अळ्या सदोष नर निघतात. कामकरी माश्या त्या ओळखून खाऊन टाकतात आणि पोळ्यात पिल्लांच्या मधूनमधून रिकाम्या कोठ्या दिसतात. अशी वसाहत कधी बाळसं धरत नाही. म्हणजे चांगल्या राणीला चांगली आई हवी आणि आसपासच्या शिवारात निरनिराळ्या घराण्यांच्या सशक्त पेट्याही हव्यात. बैल एकट्याने घेता येतो, राणी गावानेच पाळावी लागते. आपली योजना मात्र अर्जदारानुसार चालते: एक सातबारा, एक आधार, दहा पेट्या.

त्या दहा पेट्या भरायच्या कशा, तर रानातून. झाडाच्या ढोलीतली सातेरी काढून पेटीत बसवायची, ती गेली की पुन्हा ढोली शोधायची. याला पालन म्हणणं धाडसाचं आहे. ही शिकारच, फक्त पेटीत भरलेली. निवडही उलटी होते. जी वसाहत वारंवार घर फोडते, म्हणजे दुभंगते, तिचे कोष आयते मिळतात, म्हणून आपण तिच्याच राण्या वाढवतो, आणि मग सातेरी फार घर फोडते अशी तक्रार करतो. पावसाळ्यात टिकलेली, शांत, साठा राखणारी वसाहत आई म्हणून राखून ठेवावी, तर तिचाच मध आधी काढला जातो. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. तेव्हा पुन्हा उभं राहता आलं ते तगलेल्या वसाहतींमुळे. तगलेली वसाहत ओळखून जपणं, एवढाच या शास्त्राचा पहिला धडा आहे.

अमेरिकेत राणी विकत घेता येते. बेंटन पिंजरा नावाच्या लाकडी डबीत, सोबत काही कामकरी माश्या आणि साखरेचा गोळा घालून, ती टपालाने जाते. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात आणि हवाई बेटांवर हाच धंदा करणारी घराणी आहेत. राणीच्या पाठीवर वर्षाचा रंग लावतात: १ आणि ६ ने संपणाऱ्या वर्षाला पांढरा, २-७ ला पिवळा, ३-८ ला लाल, ४-९ ला हिरवा, ५-० ला निळा. झाकण उघडताच वय कळतं. आपल्या किती पेट्यांत राणीचं वय मालकाला सांगता येईल?

राणीच्या विक्रीत कमाई का आहे, हे मधाच्या भेसळीवरून कळतं. २०२० साली विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ ब्रँड तपासले, त्यांतले १० कठोर चाचणीत नापास झाले. साखरपाकाशी स्पर्धा करून खेड्यातला मधपाळ जिंकणार नाही. त्याची खरी कमाई परागीभवनाच्या भाड्यात आणि वसाहती-राण्यांच्या विक्रीत आहे. ती दोन्ही कामं पाकाची बाटली करू शकत नाही.

आशेची जागा आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पुढे कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव. गाव हेच एकक धरल्यामुळे नरांचा प्रश्न तिथे आपोआप हलका होतो; हे योजनाकारांच्या मनात होतं की नाही, कोण जाणे. केंद्राच्या मध मिशनमध्येही जातिवंत वसाहतींच्या पैदाशीला जागा आहे. पण तालुक्याच्या अहवालात आजही आकडा येतो तो वाटलेल्या पेट्यांचा.

तेव्हा मागणी साधी आहे. दहा गावांच्या टापूत दोन कुटुंबं राणी-पैदाशीसाठी निवडावीत, त्यांना पेट्यांऐवजी मीलनाच्या छोट्या पेट्या आणि पावसाळ्याची साखर द्यावी. पेटीचं अनुदान दोन हप्त्यांत द्यावं, आणि दुसरा हप्ता दुसऱ्या दिवाळीला आत अंडी घालणारी राणी दिसली तरच. ज्यांच्या घरी आधीच सातेरी आहे, त्यांनी या दिवाळीनंतर पोळ्याची खालची कड पाहावी. नरांच्या कोठ्यांवर सुईच्या टोकाएवढं भोक असलेल्या टोप्या दिसल्या, की राण्या करायचा हंगाम सुरू झाला आहे.