कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात एक भागाकार करून बघा



रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण 'एकूण कोलेस्टेरॉल' हा एकच आकडा बघतो. तो २००च्या आसपास असला की कागदाची घडी करून ठेवून देतो. पण गटाचा हिशोब आपण असा बघतो का? कर्ज किती वाटलं यासोबत परतफेड किती होते, तेही बघतो. इथेही तसंच आहे.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. त्यातलं बरंचसं आपलं लिव्हरच तयार करतं. एलडीएल ते रक्तातून शरीरभर पोचवतं. एलडीएल जास्त झालं तर ते धमनीच्या आतल्या अस्तरात शिरून साठतं. एचडीएल जादा कोलेस्टेरॉल लिव्हरकडे परत नेतं. साठणं जास्त आणि परत जाणं कमी, असं वर्षानुवर्षं चाललं की धमनीची भिंत जाड होते आणि रक्ताची वाट अरुंद होते. हे होताना काहीच दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

आता भागाकार करू. एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागायचं. समजा, दोघींचंही एकूण २०० आहे. एकीचं एचडीएल ५०, तर उत्तर ४. दुसरीचं ३२, तर उत्तर सव्वासहा. एकूण सारखंच, पण दुसरीला धोका जास्त. हे उत्तर साधारण ५च्या आत असावं, ४च्या आत असेल तर आणखी बरं. बायकांचं एचडीएल ५०च्या खाली गेलं तर ते कमी समजतात.

'हार्ट अटॅक पुरुषांनाच येतो' हा समज सोडून देऊ या. पाळी थांबल्यावर आपलं एलडीएल वाढू लागतं, आणि धोकाही.

मग करायचं काय? वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतात आणि एचडीएल कमी करतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. २०२२ पासून सरकारने त्यांवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. तेलाच्या पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल नाही' या शब्दांना भुलू नका. शेंगदाणा, करडई, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते नसतं. डाळी, पालेभाज्या, जवसाची चटणी ताटात असू द्या. मिश्री आणि तंबाखू सोडा. रोज अर्धा तास झपझप चाला.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. भागाकार चांगला आला म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नाही. एलडीएल, साखर आणि बीपी हे सगळं मिळून डॉक्टर ठरवतात. आणि छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, दम लागणं, घाम आणि मळमळ असं अचानक झालं तर 'पित्त असेल' म्हणून बसू नका, १०८ला फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना पासबुकासोबत रिपोर्टही आणा. भागाकार आपण मिळून करू.