गाळप हंगाम आणि घरातली नवी मोटारसायकल



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात पहिली मागणी होते ती मोटारसायकलची. पोरगं कॉलेजला जातं, रानात डबा पोचवायचा असतो. गाडी घ्यायला हरकत नाही. पण नवा बैल आणला तर पहिल्याच दिवशी आपण त्याला भरल्या गाडीला जुंपतो का? नव्या चालकाचेही तसेच आहे.

स्वतःचाच अनुभव सांगतो. नोकरीला लागलो त्या हंगामात नवी गाडी घेतली होती. रात्री फडावरून परतताना समोरून ट्रॅक्टर अप्पर लाइटवर आला आणि डोळे दिपले. माझ्या बाजूला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. बाहेर आलेला ऊस हँडलला घासला तेव्हा ट्रॉली कळली! पडलो, मनगट मोडले. डोक्याला हेल्मेट होते म्हणून हे लिहायला उरलो.

आता हिशेब पाहा. ताशी ६० कि.मी. वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचे दिसून ब्रेक दाबेपर्यंत तो एक सेकंद जातोच. पुढे कोरड्या डांबरी रस्त्यावरही थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण झाले सुमारे १२० फूट, म्हणजे पाच फुटी २४ सऱ्या. वेग ४० ठेवला तर हेच अंतर १३ सऱ्यांवर येते. म्हणून रात्री दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. समोरच्या दिव्याने डोळे दिपले तर आधी वेग कमी करावा.

थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पुष्कळ मुले भीतीने नुसता मागचा दाबतात. दोन्ही ब्रेक एकदम, पण दाब हळूहळू वाढवत लावावेत. मोकळ्या जागेत याचा आठ दिवस सराव करून घ्यावा. रस्त्यावर पाचट किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचा ओला चिखल असेल तर वेग त्याच्या अलीकडेच कमी करावा. चिखलावर गाडी सरळ ठेवावी, तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबू नये.

दोन ट्रॉल्यांची जोडगाडी ओलांडायला वाटते त्यापेक्षा जास्त रस्ता लागतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि उसामुळे मागचे दिसत नाही. डावीकडून तर कधीच घुसू नये. पाणंद फुटते तिथे तो केव्हाही वळतो.

हेल्मेट आय.एस.आय. छापाचे घ्यावे व पट्टा बांधावा. टाकीवर ठेवलेले हेल्मेट टाकीचेच रक्षण करते! मागे बसणाऱ्यालाही ते हवेच. गिअरची गाडी १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय पोराच्या हाती देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि आता थोडे आपल्याकडे. ज्या ट्रॉलीवर पोरं आदळतात ती ट्रॉलीही आपल्यापैकीच कुणाची तरी असते. मागे लाल रिफ्लेक्टर लावा, रोज फडक्याने पुसा. ऊस बाजूला बाहेर येऊ देऊ नका. पंक्चर काढल्यावर चाकाला लावलेले दगड रस्त्यावर टाकून जाऊ नका. दगड उचलायला अर्धा मिनिट लागतो, पण मागून येणाऱ्या पोराचा त्यात जीव जाऊ शकतो.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, भिऊ नका.

ऊस गेला तर खोडवा येतो, माणसाला खोडवा नाही. हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या नव्या चालकाच्या हाती द्यावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी